तंटा मिटला, पण कुणाचा?

15 ऑगस्ट 2025. सकाळी झेंडावंदन झालं, मुलांना खाऊ वाटून झाला आणि शाळेच्या मोठ्या वर्गात ग्रामसभा सुरू झाली. बाहेर पाऊस असा कोसळत होता की ग्रामसेवकांना ओरडून बोलावं लागत होतं. एकेक विषय पुढे सरकत शेवटाकडे आला. “तंटामुक्त समितीच्या अध्यक्षपदासाठी नाव सुचवा.”

दरवर्षी इथे एक मिनिटही लागत नाही. कुणीतरी गुरुजींचं नाव घेतं, कुणीतरी ‘अनुमोदन’ म्हणतं आणि माणसं छत्र्या शोधायला लागतात. या वेळीही गुरुजींचं नाव आलं. आणि मी हात वर केला.

“माझं पण नाव लिहा.”

क्षणभर फक्त पावसाचाच आवाज. मग मागून कुणीतरी हसलं. माझ्या पोटात गोळा आला होता, पण हात मी खाली घेतला नाही.

मैत्रिणींनो, मी काही पुढारी नव्हे. रत्नागिरी तालुक्यातल्या एका गावात सून म्हणून आले त्याला बावीस वर्षं झाली. बी.ए. झालेय, पण त्या पदवीचा उपयोग इतकी वर्षं बचत गटाचे हिशेब लिहिण्यापुरताच. घर, दोन मुलं, थोडी कलमं आणि गटाचं काम. मग हा उपद्व्याप कशाला? त्यासाठी मला तुम्हाला माझी एक चूक सांगावी लागेल.

आमच्या वाडीत एक बाई आहे. नाव नको, तुमच्याही वाडीत ती असेलच. नवरा कामाचा चांगला, पण संध्याकाळ झाली की हात उठायचा. एका रात्री ती कपाळावर खोक घेऊन माझ्या दारात आली. सकाळी पोलिसात जायचं, असं आम्ही ठरवलं. पण सकाळ व्हायच्या आत गावात बातमी पसरली आणि निरोप आला, “पोलिसांपर्यंत नको. समिती बसवतो.”

देवळाच्या सभामंडपात समिती बसली. नवऱ्याने सगळ्यांच्या पाया पडून माफी मागितली. “परत हात उचलणार नाही,” असं कागदावर लिहून दिलं. खाली तिची सही हवी होती. ती पेन हातात धरून बसून राहिली. सगळे पुरुष माझ्याकडे बघायला लागले, कारण बायकांत तिच्या शेजारी मीच होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, “कर गो सही. संसार आहे.”

तिने सही केली. वहीत नोंद झाली, ‘तंटा मिटला.’ चहा झाला. तीन महिन्यांनी त्याच नवऱ्याने तिचा उजवा हात मोडला.

त्या दिवशी जिल्हा रुग्णालयात तिच्या खाटेशेजारी बसले होते, तेव्हा ते वाक्य माझ्या डोक्यात नुसतं घुमत होतं. तंटा मिटला. पण कुणाचा मिटला? गावाचा मिटला. समितीचा मिटला. तिचा तर आम्ही सगळ्यांनी मिळून तोंड बांधून घरी परत पाठवला होता. आणि तोंड बांधणाऱ्यांत माझाही हात होता.

एक गोष्ट आधीच सांगते. मी तंटामुक्तीच्या विरोधात नाही. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली. आर. आर. आबा तेव्हा गृहमंत्री होते. ग्रामस्वच्छता अभियानामागेही त्यांचीच धडपड होती. स्वच्छतेसारखंच गावाने आपापसातल्या भांडणांनाही झाडू मारावा, अशी कल्पना. ग्रामसभेने समिती निवडायची, दिवाणी, महसुली, फौजदारी अशा तंट्यांची नोंद करायची आणि सामोपचाराने मिटवायचे. चांगलं काम करणाऱ्या गावाला लोकसंख्येप्रमाणे लाखांत बक्षीस. आबा 2015 मध्ये गेले, बक्षिसांची ती धामधूमही राहिली नाही, पण समित्या बऱ्याच गावांत अजून आहेत आणि त्यांचा अध्यक्ष अजून ग्रामसभेतच ठरतो.

आमच्या समितीनेही चांगली कामं केली आहेत. दोन चुलत भावांमध्ये एका गडग्यावरून आणि त्याला टेकून उभ्या असलेल्या हापूसच्या एका कलमावरून वडिलांच्या वेळेपासून दावा चालू होता. आपल्याकडचा सातबारा तुम्हाला माहीतच आहे, त्यावर माणसं इतकी की जमीन कमी आणि नावं जास्त! निम्मे वारस मुंबईत, तारखेला कोण येणार? वकिलांच्या फीमध्ये त्या कलमाचे किती आंबे गेले असतील देव जाणे. शेवटी गुरुजींनी दोघांना बसवलं, सरकारी मोजणी करून घेतली, गडगा मोजणीप्रमाणे घातला आणि आंबे निम्मे-निम्मे. आता दोघांची मुलं एकत्र आंबे काढतात. अशा वेळी समेटाला मी दोन्ही हातांनी नमस्कार करीन. दोघेही सारख्याच ताकदीचे आणि भांडण जमिनीचं, म्हणून तो टिकला.

पण जिथे एकाचा हात उगारलेला आणि दुसरीचा हात मोडलेला, तिथे ‘दोघांनीही थोडं समजून घ्या’ म्हणणं हा समेट कसा?

त्याच दिवसांत माझ्या भाच्याचा फोन आला. तो कॅलिफोर्नियात असतो. मी सगळं सांगितल्यावर म्हणाला, “मावशी, इथे तर सरकारी वकिलाची निवडणूक होते!” मला थट्टाच वाटली. पण खरंच आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील लोक मतं देऊन निवडतात. त्यासाठी प्रचार होतो, जाहीरनामे निघतात. कुठल्या गुन्ह्यात कडक वागेन, कुणाला सुधारायची संधी देईन, हे उमेदवाराला आधी लोकांना सांगावं लागतं. आपल्या ओळखीच्या कमला हॅरिस पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाल्या, पण त्या 2003 मध्ये अशाच निवडणुकीत सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी वकील म्हणून निवडून आल्या होत्या. पहिल्यांदाच अमली पदार्थ विकताना सापडलेल्या तरुणांना तुरुंगात डांबण्याऐवजी शिक्षण आणि नोकरीच्या वाटेला लावायचं, असा उपक्रम त्यांनी तिथे सुरू केला. त्याच शहरात 2019 मध्ये चेसा बुडीन नावाचे तरुण वकील न्यायव्यवस्था बदलू म्हणत निवडून आले. पण शहर सुरक्षित वाटेना म्हणून लोक रागावले आणि जून 2022 मध्ये त्यांना मतदानानेच खाली उतरवलं. चूक कुणाची यात मी शिरत नाही. मी घेतला तो धडा एवढाच, की गुन्हा करणाऱ्याला संधी देऊ म्हणणाऱ्याने ज्याला लागलंय त्याला आधी सुरक्षित वाटू द्यावं.

आपल्याकडे सरकारी वकिलाला आपण मत देत नाही. सत्र न्यायालयातला सरकारी वकील सरकार नेमतं, खालच्या फौजदारी कोर्टातले सहायक सरकारी अभियोक्ता लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतात. तेही एका परीने बरंच, नाहीतर तिथेही पोस्टरं लागली असती! पण यानिमित्ताने एक गोष्ट कळली. ती आमच्या गटातल्या निम्म्या बायकांना माहीत नव्हती. पोलिसांनी गुन्हा नोंदवला की तो खटला ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असा चालतो. तिच्या बाजूने सरकारी वकील उभा राहतो, त्याची फी तिला द्यावी लागत नाही. “आमाला कुटला वकील परवडनार?” म्हणून गप्प बसणाऱ्या किती जणी मी पाहिल्यात! शिवाय मोफत कायदेशीर मदतीच्या कायद्यात बाईला उत्पन्नाची अटच नाही. ती कितीही कमावती असो, घरातली असो, जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयातून तिला वकील फुकट मिळतो. 15100 हा त्यांचा फोन नंबर. लिहून ठेवा.

तर सरकारी वकील निवडणं आपल्या हातात नाही. पण कोर्टाच्या किती तरी आधी जिथे बाईचा न्याय होतो, त्या सभामंडपात कोण बसणार, हे तर आपल्या हातात आहे! मग तिथे आपण हात का वर करत नाही?

घरात सांगितलं तर मुलगी आनंदाने टाळ्या पिटायला लागली. सासूबाई म्हणाल्या, “वाईटपणा कशाला घेतेस?” आणि हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “आधी घरातले तंटे मिटव.” मी म्हटलं, “तेच करतेय. सुरुवात तुमच्यापासून.” नंतर मात्र माझ्या जाहीरनाम्याच्या झेरॉक्स यांनीच रत्नागिरीतून काढून आणल्या, हेही सांगायला हवं.

जाहीरनामा कसला, वहीचं एक पान! त्यावर पाच गोष्टी होत्या. मारहाण, अब्रूवरचा हल्ला, मुलांवरचा अत्याचार यांत समिती समेट करणार नाही, बाईबरोबर पोलिस ठाण्यापर्यंत जाईल. कुठल्याही बाईची सही एका बैठकीत घेतली जाणार नाही, तिला आठ दिवस आणि फुकट वकिलाचा सल्ला मिळेल. तिचं म्हणणं समितीतल्या बायका ऐकतील, नवरा-सासरे समोर नसताना. कुणाला दंड नाही आणि कुणाला वाळीत टाकणं नाही. आणि पाचवी, मिटलेल्या तंट्याची तीन महिन्यांनी पुन्हा घरी जाऊन विचारपूस.

चौथ्या मुद्द्यावर कपाळाला आठ्या पडल्या. गावकीचं बळ आपल्याकडे काय असतं ते वेगळं सांगायला नको. शिमग्याला पालखी दारात येणार नाही, लग्नाकार्याला कुणी उभं राहणार नाही, एवढं नुसतं म्हटलं तरी माणूस वाकतो. रत्नागिरी-रायगडात वाळीत टाकल्याची प्रकरणं किती वेळा पेपरात आली आहेत. त्याविरुद्ध महाराष्ट्राने 2016 मध्ये स्वतंत्र कायदा केला, तो जुलै 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. “आमी कुटं वाळीत टाकतो? नुसते बोलत नाय,” असं एकाने मला सांगितलं. मी म्हटलं, “सगळ्यांनी मिळून ठरवून बोलायचं बंद केलं की त्यालाच वाळीत म्हणतात, दादा.”

प्रचार म्हणाल तर एसटीची वाट बघताना, काजूच्या कारखान्यातून बायका सुटतात तेव्हा, नळाच्या पाण्याला. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. आमच्याकडे ती वहीत सह्या घेऊन उरकायची. या वेळी आम्ही ती खरोखर घेतली, अंगणवाडीत, सदतीस जणी. तिथे मी पान वाचून दाखवलं. एक जण म्हणाली, “वहिनी, पोलिसात गेल्यावर संसार मोडला तर?” मी म्हटलं, “पोलिसात न जाताही मागता येण्यासारखं बरंच आहे.” 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात बाई संरक्षण अधिकाऱ्यामार्फत थेट कोर्टाकडे अर्ज करू शकते. मारहाण थांबवण्याचा आदेश, खर्चाला पैसे आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क, मग घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या. मी जोरात सांगत होते, मला वाटलं सगळ्यांना पटतंय.

तेवढ्यात कोपऱ्यातून एक आजी बोलल्या. सत्तरी ओलांडलेल्या, कधी सभेला न येणाऱ्या. “बाय, कायदा बरा हाय. पन कोर्टाचा कागद येईस्तवर त्या रातचं तिनं निजायचं कुटं?”

मी गप्प झाले. खरं सांगते, माझ्या पानावर याचं उत्तरच नव्हतं. ती बाई त्या रात्री माझ्या दारात आली होती, मी दार उघडलंही होतं, पण सकाळी तिला सहीसाठी परत मीच नेलं होतं. कायदे सगळे दिवसाचे, मार पडतो रात्रीचा.

आजींनीच पुढे तोड काढली. “माझ्याकडं दोन खोल्या हायत. पोरं मुंबईला. माझं दार उघडं.” मग हळूहळू दुसऱ्या वाडीतली एक जण बोलली, मग तिसरी. त्या दिवशी पानावर सहावा मुद्दा चढला. प्रत्येक वाडीत दोन घरं अशी, की रात्री कधीही दार वाजलं तर उघडेल आणि सकाळी ‘परत जा’ म्हणणार नाही. सगळ्या जाहीरनाम्यात मोलाचा तोच, आणि तो माझा नाही.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी गुरुजी स्वतः घरी आले. माझी दोन्ही मुलं त्यांच्या हाताखाली शिकली. चहा घेऊन म्हणाले, “वहिनी, तुमचं चुकतं असं नाही. पण सगळंच पोलिसात जायला लागलं तर गावाचं नाव काय राहील?” मी म्हटलं, “गुरुजी, वर्गात कुणीच हात वर केला नाही, तर सगळ्यांना गणित समजलं असं तुम्ही धरायचात का?” ते हसले. जाताना मात्र माझं पान घडी घालून खिशात घेऊन गेले.

आणि मग ती पावसातली ग्रामसभा. हात मोजले. गुरुजींना अठ्ठावन्न, मला त्रेचाळीस. मी हरले.

माझ्या त्रेचाळिसांत अंगणवाडीतल्या सगळ्याच जणी नव्हत्या. कुणाचा नवरा समोर उभा, कुणाचा दीर. जिच्यासाठी हे सगळं मांडलं, ती मागच्या भिंतीला टेकून बसली होती. तिचाही हात वर गेला नाही. तिचा नवरा दारातच उभा होता. मला राग आला नाही. हात वर न करण्याची किंमत मला माहीत होती, आणि वर करण्याची तर तिला जास्त माहीत होती.

निकालानंतर गुरुजी उठले. खिशातून ते पान काढलं, चष्मा पुसला आणि अख्ख्या सभेपुढे वाचलं. “यातले पहिले दोन आणि शेवटचा मुद्दा समितीने आजपासून पाळावा, असा माझाच ठराव आहे. बाकीचे पुढच्या बैठकीत. आणि वहिनी समितीवर हव्यात.” ठराव मंजूर झाला. हरून इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. बाकीच्या तीन मुद्द्यांवर अजून वादावादी चालू आहे, वाळीतच्या मुद्द्यावर तर सगळ्यात जास्त. मीही सोडलेलं नाही.

त्यानंतर तीनच दिवसांनी, 18 ऑगस्टला, कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. आता आपल्या रत्नागिरीकरांना हायकोर्टासाठी मुंबई गाठायला नको. पेपरात फोटो बघून बरं वाटलं. कोर्ट जवळ आलं. पण आमच्या वाडीपासून सभामंडप अजून त्याहून जवळ आहे, आणि बाईला आधी तिथेच नेतात. म्हणून तिथे आपलं माणूस असायला हवं.

आठवडा गेला असेल. दुपारी ती आली. पडवीत बसली, पाणी प्यायली. मी इतके दिवस मनात घोळवलेलं बोलून टाकलं. “त्या दिवशी मी सही कर म्हटलं, ते चुकलं माझं.” ती बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “तुमी एकट्या नव्हता बोललात.” आणि उठताना, “त्या संरक्षण अधिकारी बाईंचा नंबर देता?”

अर्ज झालाय. कायद्यात साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असं आहे, प्रत्यक्षात तारखा पडताहेत. मधे दोन रात्री ती आजींच्या घरी झोपली. तिचा हात पावसात अजून दुखतो. सगळं छान झालं असं मी लिहू शकत नाही. पण वहीत तिच्या नावापुढे आता ‘मिटला’ लिहिलेलं नाही. ‘चालू’ असं लिहिलंय. ते अक्षर गुरुजींचं आहे.

तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेला नक्की जा. तंटामुक्त समितीची वही मागून घ्या आणि मिटलेल्या तंट्यांत बायकांची नावं किती आहेत ते बघा. त्यातल्या एखादीच्या घरी सहज म्हणून जा आणि नुसतं विचारा, “बरी आहेस ना?”

आणि अध्यक्षाचं नाव विचारतील तेव्हा छत्री शोधू नका. हात वर करा.